मोजणीदाराने प्यायलेली कॉफी

सल्त गावच्या शरई कोर्टात पंचांच्या यादीत नाव घालायचं तर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात शेवटून दुसरा रकाना असतो, पूर्वीचा व्यवसाय. हा रकाना कुणी धड वाचत नाही. मी कारकुनाला एकदा विचारलं, हा कशासाठी ठेवलाय, तर तो म्हणाला, जागा उरली होती म्हणून.

माझं मत वेगळं आहे. यादीत आम्ही अकरा जण होतो आणि सगळे निवृत्त. नवरा-बायकोचं भांडण समोर आलं की प्रत्येक जण आपलं जुनं दुकान उघडून बसायचा. हेडमास्तर होते, ते दोघांना मार्क द्यायचे आणि नवऱ्याला हमखास दोन जास्त. औषधवाले गृहस्थ म्हणायचे, आठवडाभर वेगळे राहा, मग दोन दिवस एकत्र, मग बघू. दातांचे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे, हे हलतंय, काढून टाका. एकाची हयात मेंढ्यांच्या बाजारात गेली होती, फॉर्मवर त्याने लिहिलं होतं व्यापार. तो बाईकडे बघायचा तेव्हा मला नजर दुसरीकडे वळवावीशी वाटायची.

मी एकतीस वर्षं जमीन खात्यात मोजणीदार होतो. हद्दीचे वाद, वहिवाटीचे वाद, भावाभावांतला अर्धा हात जमिनीचा वाद. दोघं शेजारी दोन्ही बाजूंनी ओरडत असताना मध्ये खुंटी ठोकून घरी जायचं, हे माझं काम. पंच झाल्यावरही मी तेच केलं. दोष निम्मा तुझा, निम्मा तिचा, सही करा.

पद्धत सांगून टाकतो. बाई म्हणते, याच्याबरोबर निभत नाही, आणि पुरावा तर कुणाकडेच नसतो. काझी साहेब महिनाभर थांबायला लावतात. तरी मिटलं नाही तर दोन पंच नेमतात. खरं तर एक त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा असायला हवा. पण घरची माणसं अंगाला लावून घेत नाहीत, मग यादीतले दोघे. पंचांनी आधी जुळवायचं. नाहीच जुळलं तर कुणाचा किती दोष ते ठरवून तोडायचं. मात्र दोघांनी एकाच कागदावर सही करायची. दोघांत मतभेद झाला तर दोघंही घरी, आणि नवे पंच.

माझा जोडीदार अबू मिथकाल. पोलिसातून मेजर म्हणून निवृत्त झालेला. वाळवंटाकडच्या टोळ्यांची भांडणं मिटवण्यात त्याची नोकरी गेली. खून झालेल्या घरात जाऊन तो सुलूख, म्हणजे समेट, करून यायचा, आणि हे तो दर आठवड्याला आठवण करून द्यायचा. आम्ही दोघांनी एकोणीस प्रकरणं केली. त्यातल्या सतरा बायका नांदायला परत गेल्या. मेजर हा आकडा मिशीवर ताव देत सांगायचा. मलाही तो ऐकायला बरा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

विसावं प्रकरण रुदैनाचं.

कारकुनाचा फोन आला तेव्हा सकाळ होती. मी दिवाणखान्यात बसलो होतो आणि सून लमीस वरच्या मजल्यावरून खाली उतरून हातात पिशवी घेऊन दाराकडे निघाली होती. आमचा जिना दिवाणखान्यातच उतरतो.

"कुठे निघालीस, बेटा?" मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"बाजारात, काका. शेजारच्या उम्म इहाबबरोबर. दीडपर्यंत येते."

"सावकाश जा," म्हणालो आणि कारकुनाला विचारलं, हं, कोण आहे.

रुदैना चौतीस वर्षांची. सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासणाऱ्या विभागात नोकरीला. नवरा रकान, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, माणूस नीटनेटका, बोलायला मऊ. सात वर्षांचं लग्न, मूल नाही. पाच महिन्यांपासून ती भावाकडे राहत होती. भाऊ सुफियान बेकरी चालवतो. आमच्या गल्लीतली अर्धी घरं त्याच्याच बेकरीतल्या रोट्या खातात.

कोर्टामागच्या खोलीत पहिली बैठक. रुदैना कामावरून थेट आली होती, पायांत हॉस्पिटलातले पांढरे बूट. बसायच्या आधीच तिने विचारलं, "तुम्ही दोघे आधी काय काम करत होता?"

मेजरने भुवई उचलली. "का, नोकरी द्यायची आहे आम्हाला?"

"आमच्या विभागात सुई धरायलासुद्धा कागद लागतो," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या जन्माचं ठरवणार. विचारायला काय हरकत आहे?"

मेजरने आपली कारकीर्द ऐकवली, खून आणि सुलूख धरून. तिने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जमीन मोजायचो.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझं सगळं भांडण मोजण्यातलंच आहे."

रकान आधी बोलला. शरियतप्रमाणे वेगळं घर दिलंय, वरचा सबंध मजला तिचा. हात उगारला नाही. शिवी दिली नाही. नोकरीलाही होकार दिला. आता आणखी काय करू, काका, तुम्हीच सांगा. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. तो नाटक करत नव्हता, हे मी आजही म्हणेन.

मग ती. "आमच्या घराला मागच्या बाजूने जिना होता. मी नोकरी धरली आणि यांनी तो तोडला. आता माझ्या घरात शिरायचं तर सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीतून जावं लागतं. दिवसातून चार वेळा. दर वेळी कुठे, कुणाबरोबर, कधी परत. बैठकीत पाहुणे असले की त्यांच्यासमोर. रक्ताच्या वासाचा कोट अंगावर असतो, तरी थांबायचं आणि उत्तर द्यायचं. एकदा नाही दिलं, तर महिनाभर घरात कुणी बोललं नाही."

"बस, एवढंच?" मेजर म्हणाला. "बाई, सल्त गाव सगळं पायऱ्यांवरच वसलंय. एक गेला तर दुसरा धर."

"जिना नव्हताच," रकान म्हणाला. "कधीच नव्हता. हिला वाटतं होता. आईला विचारा, भावांना विचारा."

रुदैनाने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. ती मला म्हणाली, "तुम्ही मोजा."

बाहेर पडल्यावर मेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. "ही परत जाणार. दोन आठवडे लागतील फार तर. मारहाण नाही, काही नाही, राईचा पर्वत करून बसलीय."

मलाही तसंच वाटत होतं. पण सवय वाईट असते. दुसऱ्या दिवशी मी टेप खिशात टाकली आणि एकटाच रकानच्या घरी गेलो.

सासूबाईंनी चांगलं स्वागत केलं. बैठक स्वच्छ, खिडकीत तुळशीसारखं काहीतरी सुवासिक लावलेलं, चहात मरव्याची पानं. थकलेली, गुडघे धरून चालणारी बाई. "मी काय छळ करते का हो?" ती म्हणाली. "कुठे निघालीस एवढंच विचारते. घरात माणूस आहे तर विचारणार नाही? मुक्याने बसू?"

मी म्हणालो, नाही, विचारण्यात काही गैर नाही. मनापासून म्हणालो.

मग मागच्या अंगणात गेलो.

जमीन आणि भिंत या दोघांना खोटं बोलता येत नाही, असं काही मी म्हणणार नाही. जमीन भरपूर खोटं बोलते, माझी निम्मी नोकरी त्यातच गेली. पण दगड कुठे नवा आणि कुठे जुना, हे लपवायला पैसा आणि अक्कल दोन्ही लागतात, आणि लोक दोन्हीत हातचं राखतात. मागची भिंत आमच्याकडच्या पिवळ्या दगडाची होती, धुराने काळपट झालेली. त्यावर खालून वर तिरका, उजळ पट्टा. पट्ट्यात ठराविक अंतरावर भोकं, सिमेंटने बुजवलेली. मोजली, चौदा. वर जिथे पट्टा संपत होता तिथे एक छोटी खिडकी. खिडकी साठ सेंटीमीटर रुंद आणि तिच्यावरचा दगडी माथा मात्र एक मीटर वीस. साठच्या खिडकीवर एवढा माथा कुणी ठेवत नाही. तिथे दार होतं.

मी आकडे वहीत लिहिले. मागे रकान येऊन उभा होता.

"चौदा पायऱ्या होत्या," मी म्हणालो.

तो हळूच म्हणाला, "आई दिवसभर एकटी असते, काका. कुणी आलं-गेलं दिसावं, म्हणून. चोरांचीही भीती. यात वाईट काय?"

"मग नव्हता का म्हणालास?"

"ती कोर्टात गेली. लोक काय म्हणतील, जिन्यावरून घर मोडलं?"

मला त्याची दया आली. रागही आला, पण आधी दया. त्याला खरंच कळलं नव्हतं की त्याने काय तोडलंय. मी वही मिटली आणि निघालो. बैठकीतून जाताना सासूबाईंनी विचारलं, "निघालात? आता कुठे?" आणि मी आपसूक सांगून टाकलं, कोर्टात, मेजरबरोबर, मग घरी.

मेजरने वही बघितली आणि परत दिली. "अबू शुक्री, तू जिना सोड. मला भावाशी बोलायचंय. गुरुवारी दुपारी सुफियानच्या घरी दुसरी बैठक ठेवतो."

बैठक, असं म्हणाला. म्हणून मी वही घेऊन गेलो. दारात पाहतो तर मेजरबरोबर तीन म्हातारे, अंगावर काळे झगे, डोक्यावर ठेवणीतले रुमाल. एक तर नगराध्यक्षांचे चुलते. मला तिथेच कळलं. मेजर पंच म्हणून आला नव्हता. वाळवंटात जायचा तसाच आला होता, मागणं घेऊन.

सुफियान बिचारा पिठाचे हात पुसत बाहेर आला आणि एवढी मोठी माणसं दारात बघून त्याचा रंग उतरला. आत बसवलं. कडू कॉफी आली, छोट्या बिनकानाच्या पेल्यांत. प्रत्येकाच्या हातात एक. मेजरने आपला पेला घेतला आणि समोर खाली ठेवला. म्हाताऱ्यांनीही ठेवले. मीही ठेवला, हात आपोआप खाली गेला. लहानपणापासून तेच बघत आलोय.

आता काय होतं ते आमच्यातल्या पोरालाही माहीत आहे. मागणं पुरं होईतो पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही. आणि पाहुणे न पिता उठले तर त्या घराची अब्रू गेली. मुलगी मागायला हेच, खुनाची माफी मागायला हेच. यजमानाला एकच वाक्य उरतं, कॉफी घ्या, जे मागाल ते तुमचं.

"सुफियान," मेजर म्हणाला, "आम्ही तुझ्या दारात आलोय. रुदैनाने आपल्या घरी परत जावं, एवढंच मागणं. तुझी कॉफी आम्ही तुझ्या शब्दावर ठेवलीय."

सुफियानने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. नगराध्यक्षांचे चुलते त्याच्या मरहूम वडिलांबद्दल चांगलं बोलले. उरलेले दोघे मान हलवत होते. खोलीत सहा माणसं आणि एकाचीही घाई नाही. आतल्या दाराला फट होती. फटीत खाली मला पांढरे बूट दिसत होते, टोकं आमच्याकडे वळलेली, अजिबात न हलणारी.

बहिणीला विचारून सांगतो, असं म्हणायची सोय त्याला नव्हती. पाहुण्यांसमोर घरातल्या बाईला विचारायला आत जाणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. आणि एकदा त्याने शब्द दिला असता तर कोर्टात काय होतं ते मी सतरा वेळा पाहिलंय. भाऊ मागे हटतो, बाईला राहायला छप्पर नसतं, ती कागदावर लिहून देते की तडजोड मान्य. आमची सही. आमचा आकडा.

सतरांपैकी किती बायकांच्या दारात मेजर माझ्या नकळत असा बसून आला होता, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. नकळत म्हणालो, तेही पुरतं खरं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

सुफियानने श्वास घेतला. तोंड उघडलं. मला तो शब्द त्याच्या ओठांवर दिसला.

मी पेला उचलला आणि कॉफी प्यालो.

मला भीती वाटत होती, खरं सांगतो. ती लपवायला माझ्याकडे काळा झगाही नव्हता. पेला मी दोन-तीनदा हलवला, पुरे म्हणायची आमची खूण असते ती, आणि सुफियानच्या हातात परत दिला.

चुलत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या गालिच्यावर थुंकलो होतो.

"थंड होत होती," मी म्हणालो. "आणि मी मागणं घेऊन आलेलो नाही. मला काझी साहेबांनी पाठवलंय. मला सुफियानला काही विचारायचं नाही, त्याच्या बहिणीला विचारायचंय."

मागायला आलेल्यांपैकी एकाने जरी कॉफी घेतली तरी मागणं संपलं. सुफियानवर आता काहीच बंधन नव्हतं, सगळी लाज माझ्या माथी. त्याने डोळे मिटले आणि पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग आतल्या दाराकडे वळून हाक मारली, "रुदैना, बाहेर ये. ते तुला विचारतायत."

ती आली. मी विचारलं, "परत जाशील?"

"नाही," ती म्हणाली.

मी ते वहीत लिहिलं. म्हातारे उठले. मेजर सगळ्यात शेवटी उठला, त्याचा पेला भरलेलाच राहिला.

त्याने गाडी चढाला लावली. मग म्हणाला, "तीस वर्षं. खून पडलेल्या घरांत गेलो. एकाही हरामखोराने माझी कॉफी बाटवली नाही."

"मी तुमची नाही प्यालो. माझी प्यालो."

"उतर खाली."

मी उतरलो. चढ होता, घरापर्यंत एकशे सहा पायऱ्या. मोजत गेलो.

पुढचं कोर्टाच्या कागदात आहे. मी जिन्याबद्दल लिहिलं, मोजमापासह. मेजरने लिहिलं, तडजोड शक्य होती, सहकाऱ्याच्या असभ्य वर्तनामुळे मोडली. मतभेद झाला म्हणून काझी साहेबांनी दोघांना मोकळं केलं आणि नवे पंच नेमले, दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त बँकवाला. ते दोघे स्वतः जाऊन भिंत बघून आले. बँकवाल्याने म्हणे माझे आकडे पुन्हा तपासले, एका सेंटीमीटरचा फरक निघाला. उन्हाळ्याच्या आधी रुदैना मोकळी झाली. कारकुनाने सांगितलं, निकाल ऐकून ती लगेच निघून गेली, तिची दुपारची पाळी होती.

माझं नाव यादीतून कुणी काढलं नाही. फक्त माझ्याबरोबर बसायला कुणी तयार नाही. मे महिन्यात पुतण्यासाठी मुलगी मागायला घरची बारा माणसं गेली. मला बोलावणं नव्हतं. भाऊ म्हणाला, "अबू शुक्री, तुझी तब्येत बरी नसते." माझी तब्येत ठणठणीत आहे. सुफियानची बेकरी मात्र माझ्याकडून रोटीचे पैसे घेत नाही, म्हणून मी आता दुसरीकडून आणतो.

हे सगळं मी बायकोला एका सकाळी सांगत होतो. लमीस जिन्यावरून उतरली, हातात तिची पिशवी.

"कुठे निघालीस, बेटा?"

"दवाखान्यात, काका. मुलांना घेऊन. अकरापर्यंत येते."

तीन उत्तरं. मी एकच विचारलं होतं. नऊ वर्षं ती मला तीन उत्तरं देत होती, न थांबता, न विचारता, आणि मी समजत होतो पोरगी आपल्याशी गप्पा मारते. ती दाराशी पोचून थांबली होती. मी सावकाश जा म्हणायची वाट बघत होती.

"जा," मी म्हणालो.

मुलाचं, शुक्रीचं लग्न ठरलं तेव्हा वरचा मजला मीच चढवला होता. जिना आतून काढला. बाहेरून काढायचा तर मागच्या डाळिंबावर आला असता, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं, आणि कुणी दुसरं मत दिलं नाही.

त्या दिवशी दुपारी टेप घेऊन मी मागे गेलो. डाळिंबापासून भिंत, भिंतीपासून उंची. वर गच्चीत लमीस कपडे वाळत घालत होती. ती वाकून बघत राहिली.

"काय मोजताय, काका?"

"भिंत."

तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग दुसरी उचलली.

"अठरा," ती म्हणाली.

"काय अठरा?"

"पायऱ्या. सतरा-सतरा सेंटीमीटरच्या धरल्या तर अठरा. मध्ये एक वळण घेतलं की डाळिंबालाही धक्का लागत नाही."

मी टेप तशीच धरून वर बघत राहिलो. तिचं तोंड चादरीच्या मागे होतं.

"हे कधी मोजलंस तू?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात," ती म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.

मी पुन्हा मोजलं नाही. वही काढली आणि तिने सांगितलेला आकडा लिहून घेतला.